जामीनदाराचे विमान

मी आजवर तीन वेळा विमानात बसलो आहे आणि तिन्ही वेळा खिडकीशेजारच्या माणसाने खिडकीची झडप ओढून घेतली. म्हणजे विमानाचा माझा अनुभव हा अंधाऱ्या खोलीत पट्टा बांधून महाग चहा पिण्याइतकाच आहे. असे असताना, नवशिक्या वैमानिकाने साध्या, संथ विमानावर शिकावे की वेगवान आणि भानगडीच्या विमानावर, या प्रश्नावर मी मत द्यावे, हे आमच्या शाखेतल्या शिपायाने रिझर्व्ह बँकेच्या धोरणावर बोलण्यासारखे आहे. (आमचा शिपाई बोलतो. आणि पुष्कळदा बरोबर बोलतो.) पण मला मत असणे भाग आहे. कारण मी जामीनदार आहे.

झाले असे. माझा भाचा चिन्मय, म्हणजे घरातला चिनू, याने बारावीनंतर वैमानिक व्हायचे ठरवले. आमच्या घराण्यात आजवर सर्वांत उंच गेलेला माणूस म्हणजे वीज मंडळाच्या खांबावर चढणारे आमचे काका. मी स्वतः कॉमर्सवाला. माझ्या वेळी वैमानिक व्हायला बारावीला फिजिक्स आणि गणित लागायचे, त्यामुळे 'नाहीतर मी झालो असतो' असे म्हणायची कायमची सोय झाली. चिनूला दोन्ही विषयांत उत्तम मार्क पडले आणि बिचाऱ्याने ती सोय गमावली.

खर्चाचा आकडा ऐकून आधी ताई पाणी प्यायली, मग दाजी प्यायले. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे दोनशे तास उड्डाण करावे लागते, आणि त्यातला प्रत्येक तास चिनूपेक्षा जास्त खातो. शैक्षणिक कर्ज काढायचे ठरले. घर तारण, दाजी सहकर्जदार आणि जामीनदार मी. वीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला जामीनदार म्हणजे काय ते पक्के ठाऊक असते. लग्नाला अक्षता टाकायला म्हणून जायचे आणि पुढे तो संसार आपल्याला चालवावा लागेल या भीतीत सात-आठ वर्षे काढायची, याला जामीन राहणे म्हणतात. फॉर्म वाचला तर सही करायला हात होत नाही, म्हणून कोणी वाचत नाही. मी दुर्दैवाने वाचला.

चिनूपुढे दोन माहितीपत्रके होती. एक आपल्याकडच्याच एका शाळेचे, साध्या कागदावरचे. त्यात सेस्ना १७२ या विमानाचा फोटो होता. चार माणसांचे, डोक्यावर पंख असलेले, एका इंजिनाचे. चाके तीन, रिक्षासारखी, आणि रिक्षासारखीच कायम बाहेर. जगात सर्वांत जास्त संख्येने बनलेले विमान हेच. १९५६ पासून चव्वेचाळीस हजारांच्या वर बनले. थोडक्यात, विमानांतली लुना.

दुसरे पत्रक परदेशातल्या एका शाळेचे. कागद असा गुळगुळीत की हातातून निसटून आपणच उडेल. 'पहिल्या तासापासून वेगवान विमान' अशी जाहिरात. या विमानाची चाके उडाल्यावर पोटात जातात आणि पुढच्या पंख्याच्या पात्यांचा कोन हवेत असताना बदलता येतो. वैमानिक याला 'कॉम्प्लेक्स' विमान म्हणतात. आमच्या वेळी कॉम्प्लेक्स म्हणजे न्यूनगंड किंवा बी-कॉम्प्लेक्सची गोळी.

"शेवटी चालवायचं काय आहे? एअरबस," दाजी म्हणाले. दाजी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आहेत, त्यामुळे यंत्राच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. "मग रिक्षावर शिकून काय उपयोग? आमच्याकडं ड्रायव्हर घेताना त्याला आधी टांगा हाकायला लावत नाहीत."

"पण हलक्या वाहनाचं लायसन वर्षभर असल्याशिवाय जड वाहनाचं देत नाहीत, असं तुम्हीच सांगता ना?" ताई आतून म्हणाली.

दाजी क्षणभर थांबले आणि मग त्यांनी ठेवणीतला मुद्दा काढला. "सवयीचा प्रश्न आहे. चाकं आत घ्यायची, बाहेर काढायची, ही सवय पहिल्या दिवसापासून हाडात भिनली पाहिजे. दोनशे तास चाकांकडं न बघता उडलेला माणूस दोनशे एकाव्या तासाला विसरणार. नंतर लावलेली सवय म्हणजे रिटायर झाल्यावर सुरू केलेली योगासनं."

मुद्दा बिनतोड होता. पण तो ऐकताना माझा उजवा गुडघा दुखायला लागला.

या गुडघ्याला इतिहास आहे. साताऱ्याला मी दहा वर्षांचा असताना गल्लीतली पोरे तासाला रुपया भाडे देऊन छोटी सायकल आणत आणि शिकत. माझ्या वडिलांचे मत दाजींसारखेच. "रुपया कशाला घालवायचा? घरात चोवीस इंची आहे. मोठीवर शिकलास की छोटी आपोआप येते." सीटवर बसलो तर माझे पाय पायडलला पोचत नसत, म्हणून मी दांडीखालून एक पाय पलीकडे घालून हाफ पायडल मारायचो. एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला सायकल, असा तो नवरा-बायकोच्या अबोल्यासारखा प्रवास. एकदा राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येताना उतारावर सायकलने वेग घेतला. ब्रेक कुठे आहे हे मला माहीत होते. तो दाबायचा असतो हेही माहीत होते. पण हँडल सांभाळू, पायडल सांभाळू, समोरची म्हैस सांभाळू की ब्रेक दाबू, हे ठरेपर्यंत म्हैस आली. म्हैस अनुभवी होती, ती बाजूला झाली. तिच्या मागे कंदी पेढ्यांचे दुकान होते.

गुडघ्याला चार टाके पडले. वडिलांनी पेढ्यांचे जे पैसे भरले, त्यात भाड्याच्या सायकलीचे चाळीस तास झाले असते. पुढे सायकल मला आली, पण ब्रेक काही आला नाही. आजही स्कूटर थांबवताना मी आधी पाय खाली टाकतो आणि मग मला ब्रेक आठवतो. माझ्या मागे बसणे आमच्या सौ.नी त्याच कारणाने सोडले आहे.

तेव्हा जामीनदार या नात्याने मी अभ्यास सुरू केला. वैमानिकांच्या बोलीत 'विमानाच्या मागे राहणे' असा एक प्रकार आहे. म्हणजे विमान पुढे गेलेले असते आणि वैमानिकाचे डोके अजून मागच्या किलोमीटरवर रेंगाळत असते. सुटलेल्या एस.टी.मागे पळणाऱ्या प्रवाशासारखे. फक्त इथे प्रवासी एस.टी.तच बसलेला असतो आणि स्टिअरिंगही त्याच्याच हातात असते. हे मी बँकेच्या पद्धतीने मांडून पाहिले. धावपट्टी नऊ किलोमीटरवर आहे असे धरा. ताशी १८० किलोमीटरने जाणाऱ्याला विचार करायला तीन मिनिटे मिळतात. ताशी ३०० ने जाणाऱ्याला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. आणि काम दुसऱ्यालाच जास्त. त्याने आधी तो जादा वेग उतरवायचा, पात्यांचा कोन बदलायचा, चाके काढायची, ती खरोखर निघाली का ते बघायचे, आणि हे चालू असताना टॉवर काही विचारील त्याला इंग्रजीत उत्तर द्यायचे. वेळ कमी आणि काम जास्त. आमच्या बँकेत याला बढती म्हणतात.

संथ विमानाचा गुण असा, की ते चूक दाखवायला थांबते. नाक जास्त वर राहिले तर वेग घटतो, वाऱ्याचा आवाज बदलतो, हातातले चाक ढिले लागायला लागते, आणि तरीही कळले नाही तर पंखातला भोंगा केकाटतो. प्राथमिक शाळेतल्या मास्तरांसारखे ते आधी डोळे वटारते, मग कान धरते, आणि मगच छडी काढते. वेगवान विमान हे सरकारी नोटिशीसारखे. ते हातात पडते तेव्हा मुदत संपलेली असते.

अमेरिकेत १९४७ साली बोनान्झा नावाचे एक देखणे विमान आले. शेपूट इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची, चाके पोटात जाणारी, आणि वेग त्या काळच्या खासगी विमानांत डोळे दिपवणारा. विमानात वाईट काही नव्हते. पण ते परवडायचे डॉक्टर-वकिलांना, आणि त्यांच्याजवळ पैसा होता तरी सरावाला वेळ नव्हता. वैमानिकांत त्याला चक्क 'डॉक्टरमार' असे नाव पडले. हे वाचल्यावर मला आमच्याकडच्या वाहनकर्जांतली काही खाती आठवली.

विसरतात ते काही नवशिकेच असे नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंगच्या चार इंजिनांच्या एका नव्या बॉम्बर विमानाची चाचणी होती. हातात घेणारा वैमानिक मुरलेला, लष्कराचा. विमान उभे असताना वाऱ्याने शेपटीचे पडदे फडफडू नयेत म्हणून एक अडसर लावतात. तो काढायचा राहिला. विमान सरळ वर चढले, थांबले आणि पडले. दोन जाणते वैमानिक त्यात गेले. त्यानंतर लष्कराच्या वैमानिकांनी काय केले? कारकुनी केली. काय काय करायचे त्याची यादी कागदावर लिहिली आणि दर वेळी ती वाचायची असे ठरवले. पुढे तेच विमान 'बी-१७' म्हणून हजारोंनी उडाले. वैमानिकांची ती जगप्रसिद्ध चेकलिस्ट या अपघातातून रुजली. हे वाचून मला कारकुनी पेशाबद्दल प्रथमच अभिमान वाटला. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात, ते काही दोघे चोर असतात म्हणून नव्हे. दोघेही विसराळू असतात म्हणून.

यंत्राच्या वेगाचा माझाही एक अनुभव आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा खातेवह्या संपून संगणक आले होते. आमचे हेड कॅशियर जुन्या वळणाचे; हाताने रोजकीर्द लिहून वाढलेले. मी मात्र थेट पडद्यासमोर बसलो. एकदा पंचेचाळीस हजारांच्या जागी मी साडेचार लाख मारले. यंत्राने हूं की चूं केले नाही. अर्ध्या सेकंदात स्वीकारले. खातेवही असती तर तो आकडा त्या रकान्यात मावलाच नसता. हेड कॅशियर माझ्या मागून चहा घेऊन चालले होते. ते तिथेच थांबले आणि म्हणाले, "या गृहस्थांकडे इतके पैसे नसतात." यंत्र जलद असले की चूकही जलद होते, आणि ती धरायला मागे कोणीतरी संथ माणूस लागतो, एवढे मी त्या दिवशी शिकलो.

एवढ्या तयारीने मी रविवारी ताईकडे गेलो आणि सगळे एका दमात सांगितले. दाजी शांतपणे ऐकत होते. वर्कशॉपमधला माणूस हरत नाही, तो दुसरा पार्ट काढतो. त्यांनी काढला.

"आपल्या हवाई दलात २०१३ पासून पोरांना पहिलं विमान कुठलं देतात माहिती आहे? पिलाटस. सातशे अश्वशक्तीचं, चाकं आत घेणारं. तुमच्या भाषेत कॉम्प्लेक्स. आणि त्याच्या आधीचं साधं, चाकं बाहेर असलेलं एचपीटी-३२, ते २००९ मध्ये अपघातामुळं बंद करावं लागलं. आता बोला."

मी बोललो नाही. कारण हे खरे होते. साधे विमान साधे आहे म्हणून सुरक्षित असते असे नाही, आणि अवघड विमानावर पहिल्या दिवसापासून शिकलेली शेकडो मुले उत्तम उडवीत आहेत.

"आणि त्याच्या पुढं?" ताईने विचारले. "पहिल्या विमानानंतर कुठलं देतात?"

त्याचे उत्तर शोधताना आम्हाला जे सापडले ते मी विनोद करून सांगू शकत नाही. पूर्वी हवाई दलातली अनेक मुले किरण या शिकाऊ जेटवर शिकून पुढे मिग-२१ वर जात. किरण आवाजापेक्षा कमी वेगाचे, समजूतदार. मिग आवाजाच्या दुप्पट वेगाचे, आणि उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. या दोहोंमध्ये एक पायरी हवी, शिकाऊ मुलांसाठी मधले जेट विमान घ्या, असे एका समितीने १९८२ साली सांगितले. त्याचा करार झाला २००४ साली, आणि हॉक नावाचे ते विमान बीदरच्या तळावर दाखल झाले २००८ साली. सव्वीस वर्षे. मिगच्या अपघातांना कारणे पुष्कळ होती. सगळे खापर त्या न बांधलेल्या पायरीवर फोडणे बरोबर होणार नाही. पण पायरी नव्हती, आणि ती नाही हे माहीत होते, आणि मुले चढत होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा मी टीव्हीवर ते उड्डाण पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवशी ही तारखांची बेरीज मला कोणी सांगितली नव्हती.

ताई काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाजही आला नाही. दाजींनी गुळगुळीत माहितीपत्रक उलटे करून ठेवले.

मग मला माझे म्हणणे नीट सापडले. प्रश्न विमान संथ की वेगवान हा नव्हताच. दोन पायऱ्यांमध्ये अंतर किती, आणि शेजारच्या खुर्चीत कोण बसले आहे, हा होता. हवाई दलातल्या मुलाला अवघड विमान देतात, पण तो निवडून घेतलेला असतो, शेजारी रोज तोच कडक गुरू असतो, आणि एखादा धडा चारदा गिरवावा लागला तर त्याचे बिल सरकार भरते. आमच्या चिनूचा प्रत्येक तास कर्जातला. अवघड विमानावर तेच शिकायला तास जास्त लागणार, आणि ज्याचे तास व्याजाने आणलेले आहेत तो माणूस 'मला अजून आलं नाही' असे म्हणायला कचरतो. बँकेत मी हे रोज पाहतो. कर्जदार अडचण सांगायला येतो तो नेहमी उशिरा येतो. विमानात उशिरा सांगून चालत नाही.

"आणि दाजी," मी म्हणालो, "तुमचे जे.आर.डी. टाटा." दाजींच्या घरात देवांच्या फोटोशेजारी जे.आर.डी. आहेत. "१९२९ साली परवाना काढला. १९३२ साली कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पस मॉथमधून. एका इंजिनाचं, चाकं बाहेर असलेलं विमान. पुढे त्यांच्या कारकिर्दीत एअर इंडियाकडे जंबो जेट आली. आणि १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कराची-मुंबई पुन्हा उडवायची ठरवली तेव्हा काय घेतलं? लेपर्ड मॉथ. तसलंच छोटं."

"ते तुम्ही आधी सांगायचं," दाजी म्हणाले. एवढा इतिहास मी कशाला वाचला, असा त्यांचा चेहरा होता.

"मला कुणी विचारणार आहे का?" इतका वेळ मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला चिनू म्हणाला. "मला आधी उडायला शिकायचंय. बटणं मी नंतर शिकीन."

आम्ही तिघांनी मिळून दीड महिना जो वाद घातला, तो पोराने दोन वाक्यांत मिटवला. मी त्याच दिवशी फॉर्मवर सही केली. न वाचता.

चिनू आपल्याकडच्याच शाळेत गेला. सेस्नावर. काही आठवड्यांनी एका सकाळी त्याचा फोन आला. एकट्याने पहिले उड्डाण केले होते. अंगावर बादलीभर पाणी ओतून मित्रांनी त्याला भिजवला होता आणि दात वाजत असल्यामुळे त्याचे बोलणे कळत नव्हते. एवढे कळले: "मामा, सर उतरले ना, तर विमान एकदम हलकं झालं. रोजच्यापेक्षा लवकर वर गेलं. मी बाजूच्या खुर्चीकडे बघितलं. रिकामी. मग मीच मोठ्यानं सरांसारखा ओरडलो, वेग बघ, वेग बघ."

मी काउंटरवर होतो. समोरच्या आजोबांना पेन्शन द्यायची होती. मी त्यांच्या नोटा चार वेळा मोजल्या.

आता तो शेवटच्या टप्प्यावर आहे. दोन इंजिनांचे विमान, आणि चाके पोटात जाणारी. वेगवान, भानगडीचे, कॉम्प्लेक्स, सगळे आले; फक्त आपल्या पायरीला आले. चाके पक्की बाहेर निघाली की वैमानिकासमोर तीन हिरवे दिवे लागतात, हे आता मला माहीत आहे. पण दाजींचा तो सवयीचा मुद्दा माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. दोनशे एकावा तास. म्हणून चिनूने उड्डाण संपल्यावर मला रोज दोन शब्द पाठवायचे असे ठरले आहे: 'तीन हिरवे.'

ते आले की मी ते दाजींना पाठवतो. दाजी ताईला वाचून दाखवतात. मग आम्ही तिघे, आपापल्या घरी, जमिनीवर उतरतो.